आधी सोडायचं ठरवा, मग मेजर

दरवर्षी जून-जुलैला या कॉलमला एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरात येतो, कॉलेजात कोणता विषय घेऊ, यंदाही आला, फक्त आता त्याला ‘मेजर’, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, असं नाव पडलंय. चार पत्रं घेतलीत. नावं छापत नाही. पहिल्या पत्रानं जरा जास्तच जागा खाल्ली, त्याला इलाज नाही, बाकीच्यांनी रुसू नका, तुमचंही अर्धं उत्तर तिथंच आहे.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी अहमदपूर तालुक्यातला. लातूरला राहून मेडिकलची नीट परीक्षा दिली, बारावीसोबत एकदा आणि मग रिपीटर बॅचला एकदा. स्कोअर नाही आला. पप्पा म्हणले बस झालं आता, बी.एस्सी.ला टाक. केमिस्ट्री बॉटनी झूलॉजी घेतलं कारण तेच वाचलेलं होतं. फर्स्ट इयर निघालं. आता कॉलेजवाले म्हणायलेत यातला एक मेजर करा, एक मायनर करा, एक सोडा, आठ दिवसात फॉर्म द्या. खरं सांगू का, तिन्हीपैकी कशातच इंटरेस्ट नाही, तसा रागही नाही. मित्र म्हणतात केमिस्ट्री घे स्कोप आहे. मामा म्हणतात झूलॉजी घे, सोपं जातंय, एमपीएससीला वेळ मिळतो. जो तो विचारतो तुझी आवड काय, अन् मला तेच माहिती नाही. काय करू?
— वय २०

उत्तर : बाळा, ते आवडीचं प्रकरण आधी मिटवून टाकू. ज्या पोरानं अकरावीपासून तीन वर्षं खोलीवर बसून ओएमआर उत्तरपत्रिकेचे गोल काळे केले त्याला तुझी आवड काय म्हणून विचारणं म्हणजे तीन वर्षं मेसचा डबा खाल्लेल्याला तुला भाजी कोणती आवडते विचारण्यासारखं आहे, तो बिचारा काय सांगणार, त्यानं डब्यात आलं ते खाल्लं. तुझ्यात काही कमी आहे असं अजिबात समजू नकोस. आणि नीटचंही एकदाच बोलते. २०२४ ला देशभरात २३ लाखांच्या वर पोरं त्या परीक्षेला बसली होती आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत. म्हणजे ज्यांना मिळालं नाही त्यांचीच गर्दी मोठी आहे आणि ती सगळी गर्दी कुठं ना कुठं पोटापाण्याला लागतेच की.

माझंच ऐक. १९८९ ला मला मायक्रोबायोलॉजी पाहिजे होतं. खिडकीतले क्लार्क म्हणले जागा संपल्या, केमिस्ट्रीत आहेत, लिहू का, वडील म्हणले लिहा. दीड मिनिटाचं काम. पुढं त्याच विषयावर मी तीसेक वर्षं पगार घेतला. केमिस्ट्रीची गोडी मला लागली ती सेकंड इयर संपता संपता, ॲसिटॅनिलाइडचे क्रिस्टल पहिल्यांदा पांढरेशुभ्र आले त्या दिवशी, त्याच्या आधी दोन वर्षं मी नुसती हजेरी लावत होते. आधी आवड आणि मग काम असं झालेली माणसं माझ्या ओळखीत तरी फार थोडी आहेत, बहुतेकांचं उलटंच, काम हाताला लागलं आणि मग आवडायला लागलं.

आता फॉर्मचं बघू. आपल्याकडं संलग्न कॉलेजात नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आलं. पहिल्या वर्षी तुझे तिन्ही विषय बरोबरीचे होते. इथून पुढं जो मेजर करशील त्याचे पेपर आणि क्रेडिट, म्हणजे डिग्रीतलं त्याचं वजन, वाढत जाणार, मायनर जोडीला थोडा राहणार आणि तिसरा कायमचा गळणार. सगळे जण तुला कोणतं घेऊ कोणतं घेऊ करून येडं करायलेत, पण त्या फॉर्मवरचा खरा निर्णय कोणतं सोडू हा आहे, कारण मेजर-मायनरमध्ये थोडी चूक झाली तर निभावून नेता येतं, सुटलेला विषय मात्र परत हाती येत नाही. एम.एस्सी.ला ज्या विषयात जायचं तो विषय डिग्रीला पाहिजे अशी अट बहुतेक ठिकाणी असते, काही ठिकाणी तर तो मेजरच लागतो, आणि बी.एड.ला शिकवायचा मेथड विषयसुद्धा डिग्रीच्या विषयांवरून ठरतो. म्हणून प्रत्येक विषयाखाली लिही, हा सोडला तर काय काय बंद होतं. एक दार तर तू अकरावीला गणित सोडलं तेव्हाच लावून घेतलंस, स्टॅटिस्टिक्स आणि त्या बाजूचं, त्याचं आता दुःख नको.

केमिस्ट्री सोडलीस तर काय जातं? आपल्या भागात बी.एस्सी.च्या पोराला सगळ्यात जवळची नोकरी म्हणजे संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा पट्ट्यातल्या औषध कंपन्या, तिथं क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट्रीवाला मागतात. ते काम कसं असतं हे पण कळू दे, नाहीतर परत मित्राच्या ‘स्कोप आहे’वर जाशील. शिफ्ट ड्युटी असते. एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर सॅम्पल लावायचे, टायट्रेशन करायचं, म्हणजे थेंब थेंब टाकून द्रावण मोजायचं, आणि जे केलं त्याची नोंद तिथल्या तिथं, खाडाखोड न करता, सही-तारखेसकट लिहायची. अर्धी नोकरी हातानं करायची आणि अर्धी लिहायची. माझे कितीतरी विद्यार्थी तिथं आहेत, काहींना ते शिस्तीचं काम फार मानवलं आणि काही सहा महिन्यात बॅग भरून गावाकडं आले कारण रात्रपाळी झेपली नाही. पुढं एम.एस्सी. ऑरगॅनिक किंवा ॲनालिटिकल केलं तर रिसर्चच्या बाजूला सरकता येतं.

झूलॉजी लोकांना बेडूक आणि झुरळाच्या पुढं दिसतच नाही. आता आपल्याकडं रेशीम बघ ना. बीड-जालन्याकडं किती शेतकऱ्यांनी कापूस कमी करून रेशमाच्या अळीसाठी तुती लावली, जालन्याला कोषांचा बाजार २०१८ ला सुरू झाला, नाहीतर आधी लोक कोष घेऊन पार कर्नाटकात रामनगरला जायचे. अळीला रोग कशानं लागतो, शेडमधलं तापमान किती पाहिजे, हे झूलॉजीचंच काम आहे. मत्स्यव्यवसाय आहे. बी.एस्सी. नंतर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून पॅथॉलॉजी लॅबला जाणारे आहेत. पण स्पष्ट सांगते, नुसत्या झूलॉजीच्या डिग्रीला कुणी दारात येऊन नोकरी देत नाही, तिला काहीतरी जोड द्यावीच लागते.

बॉटनीचं थोडक्यात. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव, सीड कंपन्या खूप, पण तिथं बी.एस्सी. ॲग्रीची पोरं तुझ्या पुढं रांगेत उभी असणार आणि एमपीएससीची कृषी सेवा तर कृषीच्या पदवीशिवाय देताच येत नाही. टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं करतात तिथं, मात्र बॉटनीवाल्याला काम मिळतं. मला विषय म्हणून बॉटनी फार आवडते, तो वेगळा मुद्दा.

मामांचं राहिलं. त्यांना राग येईल, येऊ दे. एमपीएससी राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते, त्यामुळं त्यासाठी अमुकच मेजर घ्या असं काही नसतं. मुख्य परीक्षा आता लेखी झालीय, एकूण १७५० मार्क, त्यातले ५०० वैकल्पिक विषयाचे, आणि तुझे तिन्ही विषय त्या वैकल्पिकच्या यादीत आहेत. ‘सोपं जातंय’ म्हणून घेतलेला विषय तिथं ५०० मार्कांचा लेखी लिहायला बसलास की काय होतं ते मामांना विचार. आणि समजा राज्यसेवा नाहीच निघाली, जी बहुतेकांची निघत नाही, तर तीन-चार वर्षांनी हातात ती डिग्रीच असणार आहे, तिला वेळ काढायचा म्हणून घेतलं असशील तर ती पण तुला तसंच वागवणार.

मग आता हे आठ दिवस. कॉलेजच्या बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडं थर्ड इयरच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे असतात, तिन्ही विषयांच्या घे, वीस-तीस रुपयात येतील. घरी बसून नुसत्या वाच. उत्तरं येणारच नाहीत, शिकवलेलंच नाही. फक्त बघ की कोणत्या पेपरातले प्रश्न वाचून ‘हे असं का असतं बरं’ असं मनात येतं आणि कोणता पेपर दुसऱ्याच प्रश्नाला बाजूला ठेवावा वाटतो. फर्स्ट इयरचं पुस्तक बघून ठरवू नकोस, फर्स्ट इयर सगळ्याच विषयांचं बारावीसारखं असतं. दुसरं, तुझी प्रॅक्टिकलची जर्नलं काढ. कोणत्या विषयाचं जर्नल तू स्वतः लिहिलंस आणि कोणतं मैत्रिणीचं बघून उतरवलंस? मला नको सांगू, तुला माहितीये. तिसरं, तुमच्या कॉलेजात लास्ट इयरला जी पोरं आहेत त्यांच्यासोबत एक चहा घे आणि विचार, दुपारी लॅबमध्ये काय करता. स्कोप विचारू नकोस, त्यांनाही माहिती नसतो.

आणि ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारून ये, तोंडी सांगतील त्यावर जाऊ नकोस, विद्यापीठाचं अभ्यासक्रमाचं स्ट्रक्चर दाखवा म्हण. मेजर एकदा दिल्यावर बदलता येतं का आणि कधीपर्यंत. जो मायनर घेशील त्या विषयात पुढं एम.एस्सी.ला बसता येतं का. आणि तुमच्या कॉलेजात चौथं वर्ष, म्हणजे ऑनर्स, कोणत्या विषयात आहे. लहान कॉलेजात ते सगळ्याच विषयात नसतं, आणि रिसर्चवालं ऑनर्स पाहिजे असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्क्यांच्या घरात राहावं लागतं, हे लोकांना तिसऱ्या वर्षी कळतं आणि मग रडारड.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं असं विचारशीलच. तुला कशाचाच राग नाही म्हणतोस, मग मी केमिस्ट्री मेजर, झूलॉजी मायनर करून बॉटनी सोडली असती. केमिस्ट्रीनं दारं जास्त उघडी राहतात आणि नोकरी आपल्याच भागात आहे, आणि झूलॉजीमुळं लॅब आणि रेशमाची बाजू शिल्लक राहते. पण जर्नलवाली परीक्षा केलीस आणि केमिस्ट्रीचं जर्नल उतरवलेलं निघालं तर माझं ऐकू नकोस, झूलॉजी वर घे. केमिस्ट्री न आवडता केली की पोरं बॅकलॉगमध्ये अडकतात, मी वर्षानुवर्षं बघितलंय, त्यात फिजिकल केमिस्ट्रीच्या पेपरला तर हमखास.

अजून एक. पप्पांना वाटतं पोराचे पैसे आणि वर्ष वाया गेलं, तुला वाटतं पप्पांना तसं वाटतंय, आणि दोघंही बोलत नाहीत, असं तुझ्या पत्रावरून मला वाटलं. चुकीचं असेल तर सोडून दे. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी ह्या तीन-चार गोष्टी त्यांना सांग, परवानगी मागू नकोस, नुसतं सांग.

प्रश्न : ताई, राम राम. मी बीड जिल्ह्यातला, दरसाल कारखान्याला ऊसतोडीला जातो. लेक बारावी आर्ट्सला ७८ टक्क्यानं पास झाली, घरात पहिलीच. ती म्हणती बी.ए. करते अन् इतिहास घेते. माझा बाप तिला रझाकाराच्या टायमाच्या गोष्टी सांगायचा, त्यानं पोरपणी बघितलेलं, तिथूनच तिला ते खूळ लागलं. सोयरे म्हणतात बी.ए.ला काहून घालता, इतिहासाचं काय करती, त्यापेक्षा लगीन उरकून टाका. मला शिकवायची हाय पण वाया जाऊ नाही वाटतं. खरं काय ते सांगा.

उत्तर : दादा, राम राम. आधी तुमच्या लेकीचं कौतुक, आणि तुमचं पण, कारण तोडीवर जाऊन घरी लेकरू बारावीपर्यंत शिकत ठेवणं काय असतं हे बीडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

वरच्या पत्रातल्या पोराला आवड सापडत नाही आणि तुमच्या लेकीला आज्यानं ती फुकट देऊन ठेवलीय. त्याला खूळ म्हणू नका. सोयऱ्यांचा प्रश्न मात्र बरोबर आहे, इतिहासाचं काय करती. तर ऐका. कोणत्याही पदवीवर ज्या ज्या परीक्षा देता येतात, तलाठी, एमपीएससी, बँक, त्या सगळ्या बी.ए. इतिहासवर देता येतात, तिथं बी.ए.वाली आणि बी.एस्सी.वाली एकाच बाकावर बसतात. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं. बी.एड. करून शाळेवर जाता येतं, पण भरती कधी निघते आणि किती जागा निघतात ते तुम्ही पेपरात वाचताच, मी गोड बोलणार नाही.

आता इतिहासाचंच म्हणून जे काम आहे ते सांगते, ते सोयऱ्यांना माहिती नसणार. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होता, त्यामुळं आपली जुनी कागदं उर्दूत, फारसीत आणि मोडी लिपीत आहेत. २०२३ ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा तहसीलपासून जिल्ह्यापर्यंत मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं हुडकावी लागली, कागद होते पण वाचणारं कुणी नव्हतं. जमिनीच्या वादातही जुनं मोडी कागद वाचून देणारा माणूस लोक शोधत फिरतात. मोडीचे प्रशिक्षण वर्ग पुराभिलेख खातं, म्हणजे सरकारी जुनी कागदं सांभाळणारं खातं, घेतं, थोड्या दिवसांचे असतात. लेकीला पहिल्याच वर्षी त्याला बसवा, हात बसायला सराव मात्र वर्षभर लागतो. ती बी.ए. इतिहास आणि वर मोडी वाचता येणारी अशी झाली ना तर तिच्यासारखी तालुक्यात दुसरी नसणार. दुसरी बाजू पर्यटनाची. वेरूळ-अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथं लायसनवाले गाईड लागतात, इंग्रजी आणि अजून एखादी परदेशी भाषा बोलणारे. पुरातत्त्वात जायचं असेल तर एम.ए. करावं लागेल, लांबचा रस्ता आहे. तुमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला संग्रहालय आहे, तिला एकदा नेऊन आणा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तू आहेत तिथल्याच मातीतल्या, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे असतील तर इतिहास, भूगोल आणि तिसरा राज्यशास्त्र किंवा इंग्रजी घ्या म्हणा. भूगोल सोडू नका, नकाशा आणि जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवरचे नकाशे, त्यातच शिकवतात आणि त्याला ऑफिसात काम आहे. दुसऱ्या वर्षी इतिहास मेजर, भूगोल मायनर. बाकी इंग्रजीला रोज अर्धा तास, हे मात्र तिला माझ्या नावानं दटावून सांगा.

पैशाचं म्हणाल तर बी.ए.ची फी अनुदानित कॉलेजात फार नसते, खरा खर्च राहण्या-खाण्याचा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची सरकारी वसतिगृहं आहेत, समाजकल्याण ऑफिसला चौकशी करा, तोडीवर निघायच्या आधी. आणि पुढं तिनं व्यावसायिक कोर्स घेतला तर उत्पन्न ८ लाखाच्या आत असलेल्या घरातल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी सरकारनं २०२४ पासून माफ केलीय, त्यात कोणता कोर्स आणि कोणता प्रवर्ग बसतो ते महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर बघून घ्या. लग्नाचं मला विचारलं नाहीत, पण सोयऱ्यांना म्हणावं पोरगी वकील झाली तर तुमच्याच बांधाची केस फुकट लढंल.

प्रश्न : मॅडम, मी संभाजीनगरला बी.कॉम. सेकंड इयरला. मैत्रिणीनं अकाऊंटन्सी मेजर घेतलं म्हणून मी पण घेतलं. ती आता सीए फाउंडेशनच्या क्लासला जाते, माझ्याशी बोलत पण नाही. मला आकडे बघितले की झोप येते. मला मार्केटिंग आवडेल असं वाटतं. आता बदलता येईल का?

उत्तर : आजच ऑफिसात अर्ज दे, उद्या नको. बदलता येईल की नाही हे विद्यापीठाच्या नियमावर आणि तुझे किती क्रेडिट झालेत त्यावर आहे, जितकं सेमिस्टर पुढं जाईल तितकं अवघड. नाहीच जमलं तर घाबरू नको, एमबीए कोणत्याही पदवीवर होतं, मार्केटिंग तिथं घे, आणि अकाऊंट्स येणारी मार्केटिंगवाली कुणाला नको असते? तोपर्यंत गुलमंडीच्या बाजारात कुणाच्या तरी दुकानात दिवाळीचे पंधरा दिवस काऊंटरला उभी राहा, मार्केटिंग आवडतं की नुसतं तसं वाटतं ते तिथं कळेल. मैत्रिणीचं उत्तर माझ्याकडं नाही गं.

प्रश्न : परभणीहून लिहितोय. बारावी सायन्स, गणित होतं. बीसीए करू का बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स? घरचे म्हणतात दोन्ही सारखंच.

उत्तर : शिकायला बरंचसं सारखं, पण सारखंच नाही. बीसीएला २०२४ पासून सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागते, तू ती दिलीयेस का आधी सांग, नसेल दिली तर यंदा बीसीए अवघड. बी.एस्सी.मध्ये पहिल्या वर्षी जोडीला गणित, स्टॅटिस्टिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेता येतं आणि दुसऱ्या वर्षी ठरवता येतं, तुझ्यासारख्या अजून न ठरवलेल्याला ते बरं. एमसीए दोन्हीनंतर होतं, त्याला बारावीला किंवा डिग्रीला गणित असलेलं बरं, ते तुझ्याकडं आहे. कॉलेज बघायला जाशील तेव्हा लॅबमध्ये जाऊन किती कॉम्प्युटर चालू आहेत ते मोज, भिंतीवरचे प्लेसमेंटचे फोटो नंतर बघ.